व्हिएन्ना, एकटीनं: व्हिसाच्या फायलीपासून प्राटरच्या पाळण्यांपर्यंत

व्हिएन्नातल्या प्राटर बागेला प्रवेश तिकीट नाही. १७६६ साली सम्राट दुसऱ्या योसेफनं आपली राखीव शिकारीची जागा लोकांना खुली करून दिली, तेव्हापासून आत कुणीही जावं, हिंडावं आणि पैसे फक्त पाळण्यात बसायचे द्यावेत, अशी पद्धत आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याला मात्र तिथवर पोचायला आधी पन्नास-साठ पानांची फाइल लावावी लागते. म्हणून सुरुवात फायलीपासूनच करते.

माझा प्रवास १० ते १४ ऑक्टोबर २०२४, म्हणजे चार रात्री. विमान, व्हिसा, हॉस्टेल, खाणं, पाळणे सगळं धरून खर्च पंच्याऐंशी हजारांच्या आसपास गेला. त्यातले सेहेचाळीस हजार विमानाचे, आखातात एक थांबा घेऊन. युरो तेव्हा ब्याण्णव रुपयांच्या आसपास होता. पुढे दिलेले दर त्या वेळचे आहेत, त्यानंतर काही वाढलेत. त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांचं आपसातलं प्रमाण पाहा.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. एकाहून जास्त देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. मला फक्त ऑस्ट्रिया करायचा होता, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. कागद व्हीएफएस या दूतावासांसाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचे आणि निर्णय दिल्लीतल्या ऑस्ट्रियाच्या दूतावासात होतो. जुलैच्या मध्यावर मुंबईची वेळ शोधायला बसले, तर मिळाली थेट १२ ऑगस्टची. उन्हाळ्यात तारखा पटापट संपतात, पण रद्द झालेल्या वेळा अधूनमधून पुन्हा दिसतात, म्हणून रोज एकदा बघत राहावं.

फायलीत काय होतं ते क्रमानं सांगते. भरलेला आणि सही केलेला अर्ज. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे दोन फोटो. आपल्याकडचा चौकोनी पासपोर्ट फोटो चालत नाही, स्टुडिओत ‘शेंगेनचा’ म्हणून सांगायचं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. मला तो नऊशे रुपयांत मिळाला. शेवटच्या तीन महिन्यांचे बँकेचे व्यवहार, बँकेच्या शिक्क्यासह. तीन पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं आणि ऑफिसचं रजेचं पत्र, ज्यात हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख आणि रजेच्या तारखा स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. हॉस्टेलचं आरक्षण, विमानाचं आरक्षण. आणि सगळ्यांच्या वर एक पानी पत्र: का जाते आहे, कुठल्या तारखेला कुठे असेन, पैसे कोण देतंय.

अर्ज अडकतात ते बहुधा मोठ्या कारणांनी नाही, किरकोळ विसंगतींनी. आपल्या मराठी नावांचा घोळ त्यातला पहिला. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, बँकेत मात्र फक्त नाव-आडनाव. लग्नानंतर नाव बदललेल्यांचे तर तीन कागदांवर तीन प्रकार निघतात. उपाय साधा: हॉस्टेल, विमा आणि विमान या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर, आणि बँकेतल्या फरकाबद्दल पत्रात एक ओळ. दुसरी गोष्ट, अर्ज करायच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम. मुदत ठेव मोडली असेल किंवा घरच्यांनी पैसे दिले असतील, तर त्याचा कागद जोडा. खातं नेहमीसारखं दिसलेलं जास्त चांगलं. तिसरी, तारखांचा मेळ. रजा १० पासून, विमान ९ च्या रात्री आणि विमा ११ पासून असं झालं की प्रश्न येणारच.

तिकीट व्हिसाच्या आधी विकत घ्यायची गरज नाही, आरक्षण पुरतं. हॉस्टेलही फुकट रद्द करता येईल असंच घ्यावं, दर रात्री दोन-तीन युरो जास्त पडले तरी. मी तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढलं. तोवर ते चार हजारांनी महागलं होतं. ते चार हजार मी विम्याचा हप्ता समजून सोडून दिले.

१२ ऑगस्टला दुसरा श्रावणी सोमवार होता. हे सांगायचं कारण उपास नाही, मेंदी. केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. मंगळागौरीची गडद मेंदी बोटांच्या टोकांवर असेल, किंवा विळीनं कापलेलं असेल, तर यंत्र ठसा घेत नाही आणि पुन्हा यावं लागू शकतं. माझ्या पुढच्या टेबलाशी नेमकं तेच चाललं होतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्या मुदतीत दुसरा अर्ज केला तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

आत मोठी बॅग आणि लॅपटॉप नेऊ नका. मला टोकन मिळाल्यावर पाऊण तास बसावं लागलं, टेबलावरचं काम वीस मिनिटांत आटोपलं. कर्मचारी कागद यादीप्रमाणे लावून घेतात आणि एखादा नसेल तर तसं लिहून सही मागतात. एसएमएस, कुरिअर, आरामदायी कक्ष अशा जादा सेवा विचारल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, ‘नको’ म्हटलं की झालं. मी फक्त कुरिअर घेतलं. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. ते, सेवाशुल्क आणि कुरिअर मिळून माझे साडेदहा हजारांच्या आसपास गेले. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवस, काही प्रकरणांत पंचेचाळीसपर्यंत लांबते. माझा पासपोर्ट २९ ऑगस्टला घरी आला. पाकीट उघडल्याबरोबर स्टिकर वाचायचा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, तारखा, किती वेळा प्रवेश आणि मुक्कामाचे दिवस. इथे बरेच जण फसतात. माझ्या स्टिकरवर वैधता १० ते २९ ऑक्टोबर होती, पण मुक्कामाचे दिवस फक्त ५. म्हणजे मी वीस दिवस राहू शकत नव्हते. त्या वीस दिवसांत कोणतेही सलग पाच दिवस, आणि त्यात उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. वरचे पंधरा दिवस सवलतीचे असतात, प्रवास पुढे ढकलावा लागला तर. पुढच्या वेळी मी बेतातच एक दिवस जास्त दाखवीन. परतीचं विमान रद्द होऊन मध्यरात्र ओलांडली तर सहावा दिवस कुठून आणायचा?

पैशांसाठी फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) ४०० युरो आणि रोख १००, तेही पाच, दहा आणि वीसच्या नोटांत. प्राटरमध्ये सगळीकडे कार्ड चालतंच असं नाही, त्यामुळे सुटे पैसे लागतात. दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयांत की युरोत?’ असं विचारलं तर डोळे झाकून युरो. रुपये निवडले की भाव त्या यंत्राचा लागतो, आणि तो आपल्या बाजूचा कधीच नसतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार. इमिग्रेशनची रांग चाळीस मिनिटांची. परतीचं तिकीट आणि हॉस्टेलचा पत्ता विचारला, दोन्हींच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत होत्या. ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्यांचे ठसे आणि फोटो सीमेवर घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे आता पहिल्या खेपेला थोडा जास्त वेळ धरा.

विमानतळावर हिरव्या रंगाच्या पाट्या ‘कॅट’ नावाच्या गाडीकडे ओढून नेतात. ती सोळा मिनिटांत शहरातल्या वीन मिट्टे स्थानकात पोचवते आणि जवळपास पंधरा युरो घेते. त्याच स्टेशनातून सुटणारी एस-७ ही साधी लोकल पंचवीस मिनिटांत त्याच वीन मिट्टे स्थानकात नेते आणि तिकीट पाच युरोंच्याही आत. नऊ मिनिटांसाठी दहा युरो देण्यात काही अर्थ नाही. एस-७ पुढे प्राटरजवळच्या प्राटरस्टेर्न स्थानकालाही थांबते, माझं हॉस्टेल तिथून चालत सात मिनिटांवर होतं. सहा खाटांची बायकांची खोली, रात्रीचे २९ युरो, वर शहराचा ३.२ टक्के कर. कुलूप आपलं न्यायचं, लॉकर असतो पण कुलूप विकत घ्यावं लागतं. टॉवेलचंही तसंच. खोली दुपारी तीनला मिळते, सामान मात्र त्याआधी ठेवून घेतात.

शहरातल्या प्रवासासाठी ७२ तासांचा पास घेतला, १७.१० युरो. मेट्रो, ट्राम, बस, शहराच्या हद्दीतली लोकल, सगळं त्यात येतं. स्टेशनांवर दांडे नाहीत, फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. म्हणून घोटाळा होतो. कागदी पास मेट्रोच्या तोंडाशी असलेल्या निळ्या पेटीत एकदा सरकवून शिक्का मारून घ्यावा लागतो, तोवर तो कोराच. साध्या कपड्यातले तपासनीस आले आणि पास खिशात पण शिक्का नाही, तर दंड तेव्हा १०५ युरो होता. शिक्का मारल्या मिनिटापासून ७२ तास मोजले जातात. म्हणून विमानतळावर घाईनं मारू नका. सामान टाकून, तोंड धुऊन, बाहेर पडताना मारा. माझा शिक्का दुपारी १:२० चा होता, त्यामुळे रविवार दुपारपर्यंत काम भागलं. एक लक्षात ठेवा, विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, तिथवर हा पास चालत नाही.

पहिल्या दिवशी पाऊस होता आणि वारा सुटला होता. प्राटरमधला उंच मनोऱ्याचा पाळणा वाऱ्यामुळे बंद असल्याचं स्टेशनातूनच दिसत होतं, दिवे लागलेले आणि खुर्च्या खाली. अशा दिवसाला ट्राम उत्तम. जुन्या शहराभोवती रिंगश्ट्रासं नावाचा रुंद रस्ता आहे. तटबंदी पाडून एकोणिसाव्या शतकात बांधलेला. संसद, नगरभवन, ऑपेरा, जुळी संग्रहालयं सगळी त्यावरच. पर्यटकांसाठी वेगळी पिवळी ट्राम होती, तिचं तिकीट वेगळं. साध्या १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम मिळून जवळपास तेच सगळं दाखवतात, पासावर. मध्ये एकदा बदलायची एवढंच.

श्टेफान्सडोम या कॅथेड्रलच्या मागच्या भागात फुकट जाता येतं. पैसे द्यायचेच तर दक्षिण मनोऱ्याला द्या, सहा-साडेसहा युरो. लिफ्ट उत्तर मनोऱ्याला आहे. दक्षिणेकडे ३४३ पायऱ्या, गोल फिरत जाणाऱ्या आणि इतक्या अरुंद की उतरणारा समोर आला की एकानं भिंतीला चिकटायचं. पाठीवर सॅक असेल तर ती पोटावर घ्या. वरच्या खोलीच्या खिडकीतून छताची रंगीत कौलं दिसतात, नागमोडी पट्ट्यांची. ती खालून नीट दिसत नाहीत.

पाण्यावर एक पैसा घालवू नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ ची आहे. बाटली भरा, रस्त्यावरही पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. दुकानातून बाटली घेतलीच, तर जानेवारी २०२५ पासून तिच्यावर २५ सेंट अनामत लागते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते. फेकू नका.

शुक्रवार. शोनब्रुन राजवाडा यू-४ मेट्रोवर. १४४१ खोल्यांच्या या वाड्यातल्या मोजक्याच पाहायला मिळतात आणि तिकीट बऱ्यापैकी महाग आहे, वेळही आधी ठरवून घ्यावी लागते. मी आत गेले नाही. बाग मात्र फुकट आहे आणि सकाळी साडेसहाला उघडते. मागच्या टेकडीवर ग्लोरिएट नावाचा कमानींचा मंडप आहे, त्याच्या गच्चीला तिकीट आहे, पायथ्याला नाही. देखावा दोन्हीकडून सारखाच. आठच्या आत गेलात तर धावायला आलेले लोक आणि खारी, एवढेच भेटतात. टूरच्या बस नऊनंतर यायला लागतात.

तिथून रिंगवर येऊन ७१ नंबरची ट्राम धरली. व्हिएन्नात एखादा गेला की ‘तो ७१ नं गेला’ म्हणतात, कारण ही ट्राम मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते. दुसऱ्या फाटकाशी उतरायचं आणि सरळ आत ३२-अ या विभागात. बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स हे संगीतकार शेजारी शेजारी आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे, त्याला पुरलं ते सेंट मार्क्सच्या दफनभूमीत. जागा प्रचंड आहे, तासभर चालायची तयारी ठेवा. तिकीट नाही.

संध्याकाळी ऑपेरा. श्टाट्सओपरमध्ये उभ्यानं पाहायची तिकिटं त्याच दिवशी सकाळी दहाला ऑनलाइन सुटतात, वीस युरोंच्या आत. दहाच्या ठोक्याला फोन हातात घेऊन ट्रामच्या थांब्यावर उभी होते, मिळालं. आत शिरल्यावर जागा पकडायची ती पुढच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून, मग खुशाल बाहेर फिरून या, कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे शहर परकं वाटणार नाही. कोट आणि सॅक आत चालत नाहीत, त्या बाहेर जमा करायच्या. तीन तास उभं राहायचं म्हणजे बूट मऊ हवेत.

शनिवार, १२ ऑक्टोबर. घरी दसरा. इकडे आकाश निरभ्र, वारा पडलेला, सकाळी आठ अंश.

प्राटरचा पाळण्यांचा भाग वुर्स्टलप्राटर म्हणून ओळखला जातो. प्राटरस्टेर्न स्थानकातून बाहेर पडलं की मोठं चक्र (जायंट व्हील) समोरच दिसतं. आपल्या मनात ‘थीम पार्क’ म्हटल्यावर जे येतं, म्हणजे दारात एक मोठं तिकीट आणि आत दिवसभर सगळं मोफत, ते इथे नाही. ही जत्रा आहे, फक्त तंबू गुंडाळून पुढच्या गावाला न गेलेली. अडीचशेच्या आसपास पाळणे, गाळे, भुताटकीची घरं आणि नेमबाजीची दुकानं, वेगवेगळ्या मालकांची, कित्येक तर पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याकडे. म्हणून प्रत्येकाची तिकीटखिडकी वेगळी, दर वेगळा, उघडायची वेळही वेगळी. एका फेरीचे बहुधा पाच ते दहा युरो. जत्रेत जसं आधी एक चक्कर मारून मग कशात बसायचं ते ठरवतो, तसंच करावं. नाहीतर तासाभरात पन्नास युरो जातात आणि त्यातले निम्मे पाळणे एकाच जातीचे निघतात. हंगाम मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. हिवाळ्यात चक्र चालतं, पण बरेचसे वेगवान पाळणे बंद असतात.

एकटं असण्याची खरी अडचण इथे कळते: बॅग धरायला कुणी नाही. काही पाळण्यांशी सामान ठेवायला उघडा कप्पा असतो, पण त्यावर नजर कोण ठेवणार? बॅग हॉस्टेलवरच ठेवा. चेन लागणाऱ्या खिशांचं जाकीट घाला, त्यात फोन, एक कार्ड, चाळीस युरो सुटे. पासपोर्ट लॉकरमध्ये आणि त्याची प्रत फोनमध्ये. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी न्या, सपाता घालू नका. एकटं असण्याचा फायदाही आहे. दोन-दोन किंवा चार-चार जागांच्या पाळण्यात एक जागा उरली की चालवणारा एकट्यालाच हाक मारतो. हॉखशाउबान या डोंगरगाडीला (रोलर कोस्टर) माझी पंधरा मिनिटांची रांग अशी वाचली.

सुरुवात रीझनराड या मोठ्या चक्रापासून. चौदा युरोंच्या आसपास, म्हणजे इतर पाळण्यांच्या दुप्पट, आणि थरार शून्य. तरी बसावं. १८९७ साली वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्यानं ते उभारलं, उंची ६४.७५ मीटर. जवळ जाऊन आरे पाहा. ते लोखंडी दांडे नाहीत, पोलादी दोर आहेत. सायकलच्या चाकात जसा आस तारांवर ताणून धरलेला असतो, तसंच इथे, म्हणून एवढं मोठं चक्र इतकं हलकं दिसतं. १९४४ मध्ये ते जळालं. १९४७ मध्ये पुन्हा सुरू करताना ३० डब्यांऐवजी १५ च लावले, कारण सांगाड्यावर तेवढा भार टाकायची खात्री उरली नव्हती. डबे म्हणजे खिडक्या असलेल्या लाकडी खोल्याच, उभं राहून फिरता येतं. कडेचा वेग ताशी २.७ किलोमीटर, आजीबाईंच्या चालीपेक्षा कमी. न थांबता फिरलं तर एक फेरी चार-सव्वाचार मिनिटांत होईल, पण डबे भरायला चक्र थांबत थांबत जातं, त्यामुळे माझी फेरी जवळपास पंधरा मिनिटांची झाली. वरून पाळण्यांच्या रांगांचा नकाशाच मिळतो. कुठे गर्दी नाही ते तिथूनच हेरलं.

पुढचा क्रम मुद्दाम ठरवलेला होता: आधी खाली-वर जाणारं, मग उंचीवरचं, आणि गरगर फिरणारं सगळ्यात शेवटी. मळमळ होते ती उंचीनं नाही, फिरण्यानं. कानातल्या पाण्याला एक कळतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं. गरगर पाळणा आधी घेतला तर पुढचे दोन तास बाकावर जातात. ज्यांना बस लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी. पाळण्यात बसल्यावर घेऊन उपयोग नाही.

हॉखशाउबान म्हणजे जुन्या पद्धतीची डोंगरगाडी, १९५० ची. नकली डोंगर, त्यावर बुटके पुतळे, आणि गाडीत तुमच्याबरोबर चक्क एक ब्रेक लावणारा माणूस. साखळी गाडीला वर ओढून नेते आणि सोडते, तिथून पुढे सगळं वजनावर. वळण आलं की तो माणूस दांडा खेचतो, लाकूड करकरतं, गाडी जराशी दबते आणि पुन्हा सुटते. नव्या गाड्यांत हे काम रुळांवरची यंत्रं करतात. शेजारी बसता आलं तर त्याच्या हाताकडे पाहा. वळणाच्या किती आधी तो खेचायला लागतो, तेच पाहण्यासारखं आहे. वेग फार नाही, पण या बागेतली माझी सगळ्यात आवडती पाच मिनिटं हीच.

व्होलारे ही दुसरी डोंगरगाडी, २००४ ची. यात बसत नाही, पालथं झोपतात. पिंजऱ्यासारख्या खोळीत उभं राहायचं, मग ती आडवी होते आणि तोंड जमिनीकडे. वर नेणारी चढणसुद्धा सरळ नाही, फिरत्या ढोलाभोवती स्क्रूसारखी गोल जाते. उडाल्यासारखं वाटतं हे खरं, पण वळणांवर धक्के छाती आणि गुडघ्यांवर बसतात. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर सोडा. पोट रिकामं हवंच. मी एकदा बसले, दुसऱ्यांदा बसणार नाही.

प्राटरटुर्म हा दुपारसाठी ठेवला होता, कारण सकाळी वर गारठा असतो. ११७ मीटरचा मनोरा, २०१० पासूनचा. त्याभोवती साखळ्यांना टांगलेल्या दोन-दोन जणांच्या खुर्च्या. जत्रेतला साखळीचा पाळणाच, फक्त तिसाहून जास्त मजल्यांच्या उंचीवर. मांडीवर दांडा येतो, बाकी पाय मोकळे. फिरत फिरत वर जातो तसा वेग वाढतो, ताशी साठ किलोमीटरपर्यंत, आणि खुर्ची बाहेरच्या बाजूला कलते. जमिनीवर वाऱ्याची झुळूक नसली तरी वर डोळ्यांतून पाणी येतं. टोपी, शाल, सैल ओढणी खालीच. हातमोजे घाला, कारण थंडगार साखळीला तुम्ही घट्ट धरणारच आहात. खाली बघायचं नसेल तर शेजारच्याच्या बुटांकडेही बघू नका, त्यांच्यामागे जमीन असते. कानटोपीवाला जोडीदार माझ्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलला, मला कळलं नाही, पण सूर ‘देवा रे’ असाच होता. वारा वाढला की हा पाळणा बंद करतात. म्हणून याला शेवटच्या दिवसावर टाकू नका, हवा चांगली असेल त्या दिवशी आधी उरका.

मग जेवण. श्वाइत्सरहाउस या बागेतल्या भोजनालयात लोक डुकराच्या तंगडीसाठी येतात. शाकाहारी माणसानं बटाट्याचा कार्टोफेलपुफर मागावा: किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं कुरकुरीत थालीपीठच, लोण्याची मात्र वाट पाहू नका. गाड्यांवर लांगोश मिळतो, तळलेली भटुऱ्याएवढी पुरी आणि वरून लसणाचं पाणी. दोन्हीपैकी एकात पोट भरतं. त्यानंतर लिलिपुटबान. १९२८ पासून चालणारी ३८१ मिलिमीटर रुंद रुळांची छोटी आगगाडी, चारेक किलोमीटर झाडीतून फिरवून आणते. भरल्या पोटी हाच पाळणा योग्य.

दिवसभरात पाळण्यांवर ४३ युरो गेले, चक्र धरून. अंधार पडल्यावर फुकट पुन्हा एक फेरी मारली. दिवे लागले की हीच जागा वेगळी दिसते. परतताना प्राटरस्टेर्नच्या चौकात २०१८ पासून दारू प्यायला बंदी आहे, तरी उशिरा तिथे रेंगाळू नये, सरळ मुख्य रस्त्यानं चालावं.

रविवारी दुकानं बंद असतात, अगदी सुपरमार्केटही. हे विसरलेला माणूस बिस्किटांवर दिवस काढतो. मोठ्या स्थानकांतली दुकानं अपवाद, प्राटरस्टेर्नमधलं उघडं होतं. एरवी माझा रोजचा हिशेब असा: सुपरमार्केटचा पाव, चीज, दही, सफरचंद सकाळ-दुपार, आणि एक गरम जेवण बाहेर, दिवसाला वीस युरोंत. भात-डाळीची आठवण झालीच तर शोटेनटोरजवळचं ‘वीनर डीवान’ हे पाकिस्तानी जेवणघर आहे. हवं तेवढं वाढून घ्या आणि हवे तेवढे पैसे द्या. लाज वाटेल इतके कमी देऊ नका, म्हणजे ते चालू राहील.

रविवारी कार्ल्सप्लाट्झजवळचं वीन म्युझियम पाहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये ते नूतनीकरणानंतर उघडलं, तेव्हापासून त्याचं कायमचं प्रदर्शन फुकट आहे. दुपारी १:२० ला पास संपला आणि पुढचं सगळं पायी केलं. तसंही जुनं शहर चालण्याजोगंच आहे.

सोमवारी परत एस-७. पास संपलेला, म्हणून शहराचं आणि हद्दीबाहेरचं मिळून एक तिकीट यंत्रातून काढलं. यंत्राला भाषा इंग्रजी करता येते आणि ‘विमानतळ’ टाकलं की ते स्वतःच योग्य तिकीट दाखवतं. डब्यात तपासनीस आलाच. समोरच्या बाकावरच्या जोडप्याकडे फक्त शहराचा पास होता, त्यांना हद्दीची गोष्ट माहीत नव्हती.

बाहेर पडतानाचा शिक्का पासपोर्टवर इतका पुसट उमटला की तारीख वाचता येईना. अशा वेळी बोर्डिंग पास टाकू नका. पुढच्या व्हिसाच्या वेळी मुदतीत निघाल्याचा पुरावा म्हणून तो लागू शकतो. छापील पासाची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याची छायाप्रत काढली आणि मूळ पासासकट त्याच फायलीत, रजेच्या पत्रामागे लावून ठेवली.